आधी भोक, मग धागा : चामडं शिवणाऱ्या मशीनचा इतिहास आणि आपली निवड

(सारसोळे, नेरूळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून एका काकांनी दारातच आम्हाला अडवलं. म्हणाले, "चामडं आणि प्लास्टिकची पट्टी शिवायला मशीन कुठलं घ्यायचं, यात इतिहास कुठे आला? ते तर दुकानदार सांगेल." आम्ही म्हटलं, काका, आत या, बसा. दुकानदार काय सांगतो ते आम्हीही ऐकलंय, आणि त्यापायी एक पट्टा वाया घालवलाय.

आधी ती गोष्ट सांगतो. आपल्या गावातल्या काही ताई आणि तीन-चार मुलं बॅगा, कमरपट्टे, कुत्र्यांचे पट्टे शिवायचा विचार करतायत. मशीन कर्ज काढूनच येणार. त्यांनी आम्हाला विचारलं, तर आम्ही मोठ्या उत्साहाने घरातल्या जुन्या काळ्या मशीनवर चामड्याचा पट्टा शिवून पाहिला. मशीन कुरकुरलं, पण शिवलं. बारीक, सुबक, जवळजवळ टाके. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा जरा जोराने ओढला, तर धागा शाबूत आणि चामडं टाक्यांच्या रेषेवर फाटलेलं. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला भोकं असतात आणि तिकीट तिथेच सुटतं, अगदी तसं.

कापडात सुई दोन धाग्यांच्या मधून जाते. सुई काढली की धागे परत जवळ येतात, भोक बुजतं. चामड्यात विणच नाही. तिथे पडलेलं भोक कायमचं. उसवून परत शिवू म्हटलं तर जुनी भोकं तशीच आणि नवी त्यांच्या शेजारी. ही एवढी एक गोष्ट धरून ठेवा. पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आता जाऊ १७९० सालात, लंडनला. थॉमस सेंट नावाचा एक सुतारकाम करणारा, फर्निचर बनवणारा माणूस. त्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. शिवणयंत्राचं आपल्याला माहीत असलेलं हे पहिलं तपशीलवार पेटंट. आणि ते साडी-सदऱ्यासाठी नव्हतं बरं का, ते चामडं आणि जाड कॅनव्हास यांच्यासाठी होतं. त्याच्या यंत्रात आधी एक टोचणी खाली येऊन भोक पाडायची. मग टोकाला खाच असलेली सुई त्या भोकातून धागा खाली ढकलायची आणि खालचा आकडा तो पकडून साखळीचा टाका घालायचा. हे पेटंट इतर कागदांत हरवून गेलं. जवळजवळ ८० वर्षांनी, १८७० च्या दशकात, न्यूटन विल्सन यांना ते सापडलं. त्यांनी त्याबरहुकूम यंत्र बनवलं, पण ते चालवायला त्यांना काही फेरफार करावे लागले.

सेंटच्या त्या यंत्रातला क्रम बघा: आधी भोक, मग धागा. हा क्रम कुणाचा? आपल्याकडे चपला शिवणाऱ्या कुठल्याही कारागिराचा. आधी आरी, मग धागा. कच्छ-सौराष्ट्रातले मोची आकड्याच्या आरीने चामड्यावर साखळीटाक्याचं भरतकाम करत आले, त्यातही हेच. सेंटने ते पाहिलं होतं असं आमचं म्हणणं नाही. तिकडचे चर्मकारही असंच काम करत. मुद्दा एवढाच की चामड्याचं यंत्र जन्माला आलं ते चर्मकाराच्या हाताची नक्कल म्हणून.

तो हात नीट बघायचा तर कोल्हापूरकडे जाऊ. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. तळ जोडायला खिळा नाही, आणि खऱ्या जुन्या पद्धतीत सुती धागाही नाही. चामड्याचीच बारीक वादी काढायची आणि तिने शिवायचं. आरीने भोक, भोकातून वादी, मग ओढ. किती ओढायचं हे हाताला कळतं. कमी ओढलं तर तळ सुटतो, जास्त ओढलं तर वादी चामडं कापते. कापशी, पायताण, बक्कलनळी, कचकडी, पुकरी, नावं कितीतरी आहेत, पण या तीन क्रिया सगळ्यांत आहेत. भोक, धागा, ओढ. आज मशीनच्या भाषेत यांनाच सुईचं टोक, धाग्याचा नंबर आणि टेन्शन म्हणतात. चौथी गोष्ट म्हणजे पुढच्या भोकापर्यंतचं अंतर. ते कारागीर नजरेने ठरवतो, मशीनमध्ये ते काम दाते आणि पाय करतात.

आता यंत्र बाजारात कसं आलं ते पाहू. १८४६ साली अमेरिकेत इलियास हॉव यांनी पेटंट घेतलं. सुईचं नेढं टोकाशी, आणि खाली शटलमधला दुसरा धागा. म्हणजे आजचा आपला दोन धाग्यांचा टाका. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचं यंत्र आलं, त्यात सुई सरळ वरून खाली येत होती आणि माल दाबून धरायला पाय होता. बघताबघता मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या बूट बनवणाऱ्या गावात बुटांचे वरचे भाग मशीनवर शिवले जाऊ लागले. तोवर हे काम बायका घरी बसून हाताने करत. मशीन आलं तसं काम घरातून कारखान्यात गेलं. १८६० साली त्याच गावात मजुरीवरून मोठा संप झाला, त्यात पुरुषांबरोबर बायकाही रस्त्यावर होत्या.

पुढची पायरी तळाची. १८५८ साली लायमन ब्लेक यांनी तळ शिवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते गॉर्डन मकाय यांनी विकत घेतलं. मकाय यांनी यंत्र विकलं नाही, भाड्याने दिलं. शिवलेल्या प्रत्येक जोडामागे पैसे घेतले. म्हणजे यंत्र तुमच्या कारखान्यात, पण प्रत्येक टाक्यावर हिस्सा दुसऱ्याचा. सिंगर कंपनीने वेगळा मार्ग काढला, १८५६ पासून हप्त्यावर विक्री. हप्ते फिटले की मशीन तुमचं. या दोन रस्त्यांतला फरक लक्षात असू द्या, कर्जाच्या कागदावर सही करताना तो उपयोगी पडेल.

आपल्याकडे सिंगर आलं तेही हप्त्यावरच. १९व्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या विक्रीचा मोठा भार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटांनी उचलला. पुढे गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केलं. गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते आणि त्यांनी बनवलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला होता. १९३० च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन बनू लागलं आणि शिवणयंत्र देशी झालं. पण हे सगळं मुख्यतः कापडाचं. घरात आलेलं मशीन कापडाचं होतं. आमचा पट्टा फाटला तो म्हणूनच.

चामड्यासाठी आलेलं मशीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, फक्त नाव माहीत नसेल. बॅग आणि बूट दुरुस्तीवाल्याकडे लांब, बारीक हाताचं एक मशीन असतं, ज्याच्या हातावर अख्खा बूट चढवता येतो. ते सिंगरच्या २९ नंबरच्या घराण्यातलं. २९के मधला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधला सिंगरचा कारखाना. १८८५ मध्ये सुरू झाला, १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, पण त्याची मशीनं आणि त्यांच्या नकला अजून फुटपाथवर पोट भरतायत. या मशीनला खाली दातेच नाहीत. वरचा पायच माल पकडून सरकवतो, आणि तो पाय गोल फिरतो. त्यामुळे बूट न फिरवता कुठल्याही दिशेला शिवता येतं. दुरुस्तीसाठी याला तोड नाही. पण बॉबिन लहान, जाड धागा झेपत नाही, वरच्या बाजूला पायाच्या दात्यांचे वळ उठतात. रोज ५० पट्टे शिवायचे असतील तर हे मशीन घेऊ नका. दुकानदार "चामड्याचं मशीन" म्हणून हेच दाखवेल. तो खोटं बोलत नाही, पण तुमचं काम त्याला ठाऊक नाही.

मुंबईत हे काम वसलं ते धारावी, कुर्ला, चेंबूर या पट्ट्यात. १९व्या शतकाच्या अखेरीस तमिळ मुलखातून कातडी कमावणारे धारावीत आले. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, आणि पुढच्या काळात धारावीतले कातडी कमावायचे कारखानेही हलले. मागे राहिलं ते शिवणकाम: बॅगा, पाकिटं, पट्टे. पलीकडे कुर्ला-चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणं. सातारा-कोल्हापूरकडचे चर्मकार, राजस्थान-उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, सगळे या कामात. राज्य सरकारने १९७४ मध्ये चर्मोद्योग महामंडळ काढलं, तेच आज संत रोहिदास यांच्या नावाने ओळखलं जातं. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला, म्हैसवर्ग त्याबाहेर राहिला, आणि कच्च्या मालाचं गणित बदललं. याच्या आधीपासूनच रेक्झिन आणि नायलॉनच्या पट्ट्या कारागिरांच्या टेबलावर आल्या होत्या.

इथून गोष्ट आपल्या गावात येते. सारसोळे खाडीकाठचं गाव. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, मग नेरूळ उभं राहिलं. पाम बीच रस्ता मध्ये आला तरी पलीकडे जेट्टी आणि होड्या आहेत. इथल्या आजोबांच्या पिढीला विचारा. सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, म्हणजे ती पाण्यात कुजत नसत. सालीतलं जे द्रव्य जाळं टिकवतं तेच कातडं कमावतं. म्हणजे कोळ्याची सुती जाळी आणि चर्मकाराचं कातडं एकाच द्रव्यावर अवलंबून होती म्हणा ना.

मग नायलॉन आलं. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी ते बनवलं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टर काढलं. त्याआधी १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी कडक पीव्हीसी मऊ करून दाखवलं होतं. या तिघांची बेरीज म्हणजे आजची लेप दिलेली पट्टी: आत पॉलिएस्टरची विणलेली निवार, बाहेरून पीव्हीसी किंवा तत्सम लेप. पाणी लागत नाही, पुसली की स्वच्छ. कुत्र्याचा पट्टा, बॅगेचा बंद, सामान आवळायचा पट्टा, सगळ्याला चालते. बघायला अगदी चामड्यासारखी. आणि घोळ इथेच होतो.

चामड्याला विण नाही, म्हणून तिथे सुईला धार लागते. चामड्याच्या सुईचं टोक छोट्या पात्यासारखं असतं, ते चीर पाडतं. लेपाच्या पट्टीच्या पोटात मात्र निवार आहे, आणि तिची ताकद सगळी त्या धाग्यांत. तिथे पात्याची सुई घातली तर ती एकेक धागा कापत जाते. वरून शिवण सुंदर, आतून पट्टी अर्धमेली. तिथे गोल टोकाची सुई हवी, जी धागे बाजूला सारून जाईल. दोन्ही माल एकाच मशीनवर शिवता येतात, पण सुई बदलायलाच हवी. मोठ्या पट्टे शिवणाऱ्या मशीनमध्ये १३५×१६ ही चामड्याच्या टोकांची सुई आणि १३५×१७ ही गोल टोकाची. दांडी तीच, टोक वेगळं. डब्यावरचा हा एक आकडा वाचायची सवय लावा.

पात्यातही प्रकार आहेत. 'एलआर' टोक तिरकी चीर पाडतं, टाका किंचित तिरका आणि देखणा बसतो. सर्वसाधारण कामाला हेच. 'एस' टोक शिवणीच्या रेषेतच चीर पाडतं. टाका सरळ दिसतो, पण टाके जवळ घातले तर चिरा एकमेकींना मिळतात. 'पी' टोक आडवी चीर पाडतं, म्हणून जवळचे टाके चालतात. टोक कुठलंही असो, पट्ट्याला ३ ते ४ मिलिमीटरचा टाका ठेवा, जाड पट्ट्याला ५ पर्यंत. बारीक टाका म्हणजे मजबूत टाका हा कापडाचा नियम इथे उलटा पडतो.

आता मशीन. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते माल ओढतात. वरचा थर पायाला घासतो आणि मागे राहतो. लेपाची पट्टी तर पायाला चिकटतेच. परिणाम काय, खालचा थर पुढे, वरचा मागे, टाके लहानमोठे. पट्ट्याच्या कामासाठी कंपाउंड फीड मशीन घ्यावं, कारागीर त्याला वॉकिंग फूटही म्हणतात. त्यात दोन पाय आळीपाळीने चालतात. आतला पाय, सुई आणि दाते, तिघं मिळून माल पुढे नेतात. सुई मालात रुतलेली असतानाच सरकते, त्यामुळे थर घसरायला वावच नाही. सुई परत येताना बाहेरचा पाय माल धरून ठेवतो. आरीने भोक पाडून दुसऱ्या हाताने माल धरून ठेवणारा कारागीर आठवा, दोन हातांची हीच वाटणी आहे.

सपाट पट्टे आणि बंद शिवायचे असतील तर सपाट टेबलाचं मशीन पुरतं. बॅगेचा गोल कोपरा, बंद पिशवी यांना नळीसारख्या हाताचं. बुटाच्या वरच्या भागाला उंच खांबाचं. आधी काय विकणार ते ठरवा, मग मशीन. मोटर सर्वो घ्या, क्लच मोटर नको. सर्वो सावकाश चालते. वेगात सुई तापते, आणि तापलेल्या सुईला लेप वितळून चिकटतो, धागा तुटतो. चामड्यातही नवशिक्याला वेग शत्रूच, कारण चुकलेलं भोक परत बुजत नाही.

लावणीचा क्रम असा. पहिला धागा. उन्हा-पाण्यातल्या वस्तूला पॉलिएस्टर, आतल्या चामड्याच्या कामाला बॉन्डेड नायलॉन चालेल. दुसरी सुई, धाग्यानुसार. टेक्स ७० ला १८ नंबर, टेक्स ९० ला २०, टेक्स १३५ ला २२. सुई बारीक पडली तर धागा घासून पिसतो, जाड पडली तर भोक रिकामं दिसतं. तिसरा पायाचा दाब. चामड्यावर वळ उठणार नाहीत इतका कमी, माल उचलला जाणार नाही इतका जास्त. चौथं टेन्शन. आधी बॉबिनचं, मग वरचं. दोन धाग्यांची गाठ थरांच्या मधोमध लपली पाहिजे. खाली गाठी दिसल्या तर वरचा ताण वाढवा, वर दिसल्या तर कमी करा. पाचवं हुकची वेळ. सुई तळाला जाऊन साधारण २ मिलिमीटर वर आली की हुकचं टोक सुईशी, नेढ्याच्या जरासं वर, आलं पाहिजे. टाके सुटत असतील तर आधी नवी सुई घाला, सुई नीट बसली का ते बघा, मग हुकला हात लावा. सुरुवातीचे दोन-तीन टाके धाग्याची टोकं हातात धरून घ्या, नाहीतर खाली गुंता होतो. आणि हे सगळं तुमच्याच मालाच्या, तितक्याच थरांच्या तुकड्यावर तपासा. एक थर कमी-जास्त झाला तरी गणित बदलतं.

शेवटी पैशाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ व्यवसायांत चर्मकार आहे, शिंपी आहे, आणि मासेमारीचं जाळं विणणाराही आहे. म्हणजे आजच्या या सभेतल्या बऱ्याच जणांचं काम त्या यादीत आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. त्या १५,००० मध्ये नवं कंपाउंड फीड मशीन बसत नाही. साधं मशीन बसतं, आणि मोह तिथेच होतो. आमचं म्हणणं असं की ती रक्कम आरी, रापी, सुया, धागा आणि हाताने शिवायच्या सामानात घाला. आधी हाताने २० पट्टे शिवा. काय खपतं ते कळेल, आणि हाताला ओढही कळेल. मशीन त्यानंतर, आणि चौघींनी मिळून एक.

काही प्रश्न आले, ते थोडक्यात.

"घरचं मशीन अजिबात चालणार नाही का?" चालेल. शेळी-मेंढीचं मऊ, पातळ चामडं, दोन थर, चामड्याची सुई, हाताने चाक फिरवत. पाकीट होईल. कमरपट्टा नाही.

"जुनं मशीन घ्यावं का?" घ्यावं, पण आपला माल खिशात घेऊन जा. विकणारा कापडाच्या चिंधीवर शिवून दाखवतो. तुम्ही तुमचे चार थर पुढे करा आणि सावकाश चालवायला सांगा.

"हाताची शिलाई जास्त टिकते हे खरं की भावना?" खरं आहे. दोन सुयांच्या हातशिलाईत एक धागा तुटला तरी दुसरा भोकाभोकांतून धरून असतो. मशीनचा टाका एका ठिकाणी तुटला की शेजारचे सैल पडत जातात. म्हणून जिथे जीव किंवा वजन टांगायचं तिथे मशीनच्या शिवणीची टोकं दोन-तीन टाके मागे घेऊन, त्याच भोकांत, पक्की करावी लागतात.

"मग कोल्हापुरी मशीनवर का शिवू नये?" शिवतात, बाजारात आहेतच. पण २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या आठ जिल्ह्यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते हाताच्या कामाचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा सगळीकडे ओरड झाली ती त्या हातांचं नाव घेतलं नाही म्हणून.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दुकानदार तुम्हाला मशीनची किंमत सांगेल. भोक कसं पडतं, धागा कसा बसतो, ओढ किती हवी, हे मात्र ज्यांनी आयुष्यभर आरी धरली त्यांना विचारावं लागतं. नेरूळ स्टेशनबाहेर बसणाऱ्या कारागिराकडे उद्या एक तुकडा घेऊन जा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. आम्ही तेच केलं. दुसरा पट्टा अजून फाटलेला नाही.